रिकाम्या पेटीतलं मोहोळ

शेजारच्या शेतवाल्याने सूर्यफुलावर औषध मारलं ते भर दुपारी, माश्या फुलांवर असताना. संध्याकाळी मारा म्हणून बाबा त्याला दोनदा जाऊन सांगून आले होते. त्याने मान डोलावली होती. मान डोलवायला काय जातं? दुसऱ्या दिवशी निम्म्या पेट्यांच्या दारात मेलेल्या माश्यांचा सडा पडला होता आणि आई तो केरसुणीने गोळा करत होती. बाबा तावातावाने भांडायला गेले आणि न भांडताच परत आले. त्याच्याच बांधावर पेट्या ठेवायच्या आणि त्याच्याशीच भांडायचं, हे मधवाल्याला परवडत नाही.

तेव्हापासून निम्म्या पेट्या रिकाम्या होत्या. बाबांनी त्या घासल्या, उन्हात वाळवल्या, आतून जुन्या मेणाने माखल्या आणि पुन्हा घडवंच्यांवर मांडल्या. रानातलं एखादं मोहोळ उठेल, जागा शोधत येईल, मेणाच्या वासाने आत शिरेल, ही आशा. रोज सकाळी आणि उन्हं कलताना ते ओळीने सगळ्या पेट्यांवरून फिरत. बोटाच्या पेराने टकटक करायची आणि कान लावायचा. आतून एकदम हूं उठलं आणि लगेच थांबलं, की समजायचं राणी ठीक आहे. आवाज लांबला, रडवा झाला, की राणी गेली. हे त्यांना त्यांच्या वडिलांनी शिकवलं होतं. रिकाम्या पेट्यांनाही ते कान लावून बघत. आई म्हणायची, "आत कुणी नाही ते माहीत आहे, मग दार कशाला वाजवता? भाडं थकलंय का?"

अशात मुलगी घरी आली. ती शहरात फिजिओथेरपी शिकत होती. बाबांच्या जिभेवर तो शब्द कधी नीट बसला नाही, म्हणून ते तिला 'आमची मालीशवाली' म्हणत आणि सगळ्यांना सांगत फिरत की शेवटचं वर्ष आहे, मग आमच्या सांध्यांना तेलपाणी फुकट. सुट्टी आहे, असं तिने सांगितलं. आईने तिची पिशवी उघडली तर आत थंडीचे कपडेही होते. उन्हाळा तोंडावर आलेला. आईने ते घडी करून कपाटात ठेवले आणि काही विचारलं नाही.

कर्जाची गोष्ट सरळ होती, आणि सरळ असूनही ती मुलीला कुणाला सांगता येत नव्हती. फीसाठी बँकेचं कर्ज होतं, ते घरात माहीत होतं. त्यावर बाबांची सही होती. पण एकदा बँकेचे पैसे कॉलेजला उशिरा पोचले आणि वसतिगृहाने खोली खाली करायला सांगितलं. तेव्हा तिने फोनवरून थोडे पैसे उचलले. चेहरा दाखवला, बोट टेकवलं, पैसे आले. फेडायची वेळ आली तेव्हा दुसरीकडून उचलले, त्याच्यासाठी तिसरीकडून. संध्याकाळी ती एका दवाखान्यात काम करायची, तो बंद पडला. ते तिने घरी कळवलंच नाही. उलट त्याच सुमाराला बाबांना चांगले बूट पाठवले आणि आईला चष्मा, 'माझ्या कमाईतून' म्हणून. ऋण काढून सण करू नये, हे तिला शाळेपासून पाठ होतं. पाठ असलेलं वेळेला आठवतंच असं कुठे आहे? आता देणं इतकं फुगलं होतं की मूळ किती आणि वरचं किती, हे तिचं तिलाही उमगत नव्हतं. परीक्षेची फी भरायची राहिली होती. ती भरली नाही तर शेवटचं वर्ष हातचं जाणार होतं.

आणि तिचा जीव तर तिथेच अडकला होता. कॉलेजच्या एका हॉलमध्ये कमरेइतक्या उंच दोन लाकडी दांड्या होत्या, त्यांच्यामध्ये जमिनीवर पावलांसाठी पट्ट्या चिकटवलेल्या. अर्धं अंग लुळं पडलेली एक शिंपीण आजी तिच्या वाट्याला आली होती. आजी रोज दोन्ही दांड्या धरून पट्टीवर पाऊल टाकायची आणि प्रत्येक पावलाला मुलीला एक शिवी द्यायची. दांड्यांच्या मध्यापर्यंत आली होती. "तू नसलीस की माझे पाय रुसतात," असं तिने एकदा म्हटलं होतं. तिलाही न सांगता मुलगी निघून आली होती. आता बांधावर पेट्यांखालचं गवत उपटताना तिचे हात मातीत असायचे आणि मन त्या दांड्यांपाशी. आपल्यावाचून आजी कुणाला शिव्या देत असेल, याचाही तिला हेवा वाटे.

वसुलीवाल्यांचे फोन उजाडल्यापासून सुरू होत. फोन बंद ठेवलास तर घरी येऊ, असं त्यांनी बजावलं होतं, म्हणून तो बंद करायची हिंमत नव्हती. आवाज तिने केव्हाच मिटवला होता, पण पिशवीत ठेवला की पिशवी थरथरायची, उशीखाली ठेवला की उशी. शेवटी एका सकाळी ती तो ओढणीआड लपवून बांधावर घेऊन गेली आणि ओळीतल्या शेवटच्या रिकाम्या पेटीत, तळाच्या फळीवर ठेवून वर झाकण लावून आली. भीक नको पण कुत्रं आवर, अशी तिची गत झाली होती. डोळ्यांआड झाला, तेवढंच तिला पुरेसं होतं.

त्याच दिवशी उन्हं कलताना बाबा जवळजवळ पळत घरी आले. दुखरा खांदा दुसऱ्या हाताने धरलेला आणि तोंडावर असं हसू, की आईने आधी विचारलं, पडलात का कुठे?

"हळू बोल," बाबा म्हणाले. "शेवटच्या पेटीत मोहोळ बसलंय."

मुलगी भांडी घासत होती. तिच्या हातातला तांब्या तिथेच राहिला.

बाबांनी टकटक केली होती, कान लावला होता आणि आतून गुणगुण आली होती. थांबली, पुन्हा आली. जुन्या मेणाच्या वासाने आपल्याच पेट्यांमधल्या काही माश्या तिथे घुटमळत होत्या, आत जात होत्या, बाहेर येत होत्या. एरवी बाबा तेवढ्यावरूनच समजले असते, की हे मोहोळ नव्हे. तो आवाज माश्यांचा नाही हे त्यांना झोपेतही कळलं असतं. पण मनी वसे ते स्वप्नी दिसे, तसंच कानांचंही असतं. पेट्या रिकाम्या झाल्यापासून त्यांना दुसरं काही ऐकायचंच नव्हतं.

नव्या बिऱ्हाडाची घडी बसेपर्यंत झाकण उघडायचं नाही, नाहीतर मोहोळ उठून जातं. हा मधवाल्यांचा नेम. बाबांनी पेटीवर ओलं पोतं टाकलं, जवळ पाण्याची परात ठेवली आणि सगळ्यांना तिकडे फिरकायची मनाई केली. त्या दिवशी ते पोटभर जेवले. जेवताना राणी तरणी असेल का, याचा विचार मोठ्याने करत राहिले. मुलगी खाली मान घालून जेवत होती. सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. पण माणसाच्या तोंडचा घास काढून घ्यावा तसं ते झालं असतं.

पुढे एका सकाळी पेटी गप्प झाली. बाबांनी दोनदा, तीनदा कान लावला. घरी येऊन म्हणाले, "गेलं बहुतेक," आणि चहा अर्धाच टाकून उठले. मुलीला कळलं, फोनचा जीव संपला असणार. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून तिने गप्प बसायला हरकत नव्हती. पण दिवसभर बाबांचे पाय ओढल्यासारखे पडत राहिले. ते दुसऱ्या टोकाला पेट्यांमधल्या पोळ्याच्या चौकटी साफ करत होते तेव्हा ती गेली, फोन काढून आणला, आईच्या फोनच्या वायरीला लावला आणि परत पेटीत नेऊन ठेवला. ज्याचं तोंड पाहू नये असं तिला वाटत होतं, त्याचंच पोट भरून ती त्याला निजवत होती. संध्याकाळी बाबा परत आले ते शीळ घालतच.

आई चष्म्याआडून सगळं बघत होती. एकदा मुंग्या चढू नयेत म्हणून पेट्यांखाली राख टाकता टाकता ती मुलीला म्हणाली, "त्या पेटीत शिरणाऱ्या माश्यांचे पाय बघितलेस? रिकामे आहेत. फुलातलं पिवळं काही आणत नाहीत. घर करणारी माशी रिकाम्या पायांनी येत नाही."

"बाबांना सांगितलंस?"

"कशाला? किती दिवसांनी नीट जेवताहेत." हे म्हणताना आई पेटीकडे बघत नव्हती, मुलीकडे बघत होती.

मग व्यापारी आला. बाबांचा मध वर्षानुवर्षं तोच घ्यायचा. रिकाम्या पेट्या विकत घेऊन टाकतो, असं त्याने मागेच सांगितलं होतं आणि बाबाही कबूल झाले होते. त्या पैशात उरलेल्या माश्यांना फुलोरा नसलेल्या दिवसांत साखरपाणी झालं असतं. तो गाडी घेऊनच आला. बाबांनी त्याला ओट्यावर बसवलं, चहा दिला आणि पेट्या विकायच्या नाहीत म्हणून सांगितलं. एकीत मोहोळ आलं, म्हणजे रानात मोहोळं उठताहेत. बाकीचीही येतील. व्यापाऱ्याने समजावलं, की आत्ता भाव आहे, पुढे सरपणाच्या भावानेही कुणी घेणार नाही. बाबा हसले. उलट त्यांनीच त्याच्याकडे उचल मागितली. साखरेपुरती, आणि थोडी जास्तच, नव्या चौकटी करायला. मधात फेडू म्हणाले. कधी कुणाची उचल न घेतलेला माणूस अगदी सहज बोलून गेला.

व्यापाऱ्याने उद्या पैसे आणतो म्हटलं. मुलगी रिकामे डबे गाडीत चढवायला गेली तेव्हा तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "मला एक फोन आला होता. तुझं नाव घेऊन. तुझ्या फोनात माझा नंबर होता म्हणे. फार घाण बोलला माणूस." मग डब्यांवर दोरी आवळत म्हणाला, "मी कुणाला सांगितलं नाही. अजून."

त्या शेवटच्या शब्दाने तिचे कान तापले. पण त्याहून तिला बाबांच्या उचलीने भाजलं. तिच्या कर्जाची गुणगुण ऐकून बाबा कर्ज काढायला निघाले होते.

दिवेलागणीच्या आधी बाबा ओट्यावर पाठमोरे बसत आणि ती त्यांचा खांदा चोळून देई. भरलेल्या पेट्या उचलून उचलून खांद्याच्या पात्याखाली एक गाठ धरली होती. ती गाठ तिला आता डोळे मिटूनही सापडत असे. त्या दिवशी तिने अंगठा गाठीवर ठेवला आणि म्हणाली, "बाबा, उद्या उचल घेऊ नका."

"का गं?"

"त्या पेटीत मोहोळ नाही."

"आहे. मी ऐकलंय."

"तो माझा फोन आहे."

तिच्या अंगठ्याखाली खांदा लाकडासारखा झाला. तिने हात थांबवला नाही. थांबवला असता तर पुढचं बोलता आलं नसतं. तिने सगळं सांगितलं, वसतिगृहापासून बुटांपर्यंत, व्यापाऱ्याला आलेला फोनही. मधे एकदाही बाबांनी मान वळवली नाही, आणि त्याबद्दल ती मनातून त्यांचे उपकार मानत होती. त्यांचा चेहरा समोर असता तर तिने निम्मं गिळलं असतं.

किती देणं आहे, ते बाबांनी विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "म्हणजे पेटी रिकामीच आहे?"

"हो."

"सुरुवातीपासून?"

"हो," म्हणताना मात्र तिला रडू आवरलं नाही.

बाबा उठले. बूट घालायला वाकले, बुटांकडे बघत राहिले आणि अनवाणीच बांधाकडे चालू लागले. ती त्यांच्या मागे गेली, आणि आई कणकेचे हात पुसत तिच्या मागे. शेवटच्या पेटीवरचं ओलं पोतं बाबांनी काढलं, नीट घडी करून बाजूला ठेवलं. मग सवयीने टकटक केली. आतून गुणगुण आली. या खेपेला त्यांनी कान लावला नाही. झाकण उघडलं आणि थरथरणारा फोन दोन्ही तळव्यांत घेतला, राणी उचलतात तसा हलकेच. कुठे दाबायचं, विचारलं. तिने दाखवलं.

पलीकडचा माणूस ओरडतच होता. बाबांनी त्याला जरा ओरडू दिलं. मग म्हणाले, "मी तिचा बाप बोलतोय. ती पळालेली नाही, घरी आहे. घेतलंय ते नाकारत नाही. पण माझ्या पोरीशी आणि माझ्या गावातल्या माणसांशी असं बोलायचं नाही." पलीकडचा आवाज चढत गेला, लांबत गेला. बाबा फोन कानाशी धरून पेटी ऐकावी तसे ऐकत राहिले. शेवटी तो मुलीच्या हातात देत म्हणाले, "आवाज लांबतोय. राणी गेलीय याची."

आईला हसू आलं, मग मुलीला. बाबा मात्र हसले नाहीत. ते रिकाम्या पेटीत डोकावून बघत होते, आत आणखी काही असेल तसे.

उचल घेतली नाही. बाबा तर भरलेल्याही पेट्या विकायला निघाले होते. आईने त्यांना अडवलं. आधी कुणातरी जाणत्याला विचारा, म्हणाली. आगीतून उठून फुफाट्यात पडायची आपल्याला घाई नाही. मुलीने कॉलेजात विद्यार्थ्यांच्या अडचणी बघणाऱ्या मॅडमना फोन लावला. जी बाई तिथे दोन खोल्या पलीकडे बसायची, तिला इतक्या लांबून फोन करावा लागला. मॅडम रागावल्या नाहीत. रोज कुणीतरी येतं, तू उशिरा आलीस एवढंच, म्हणाल्या. जुनं फेडायला नवं घेणं आजपासून बंद. बँकेचं कर्ज वेगळं, ते शिक्षण संपेपर्यंत थांबेल. फोनवाल्यांशी एकेकाशी लेखी बोलायचं, व्याजात सूट मागायची, हप्ते पाडून घ्यायचे. धमक्या देणाऱ्यांची तक्रार करायची, ती कशी करायची ते मी सांगते. आणि फी आता जमत नसेल तर एक सत्र सुट्टी घे. जागा जात नाही, फक्त तुझ्या बरोबरीच्या पोरी पुढे जातील.

ते 'फक्त' तिला फार लागलं. पण तिने सुट्टी घेतली.

रिकाम्या पेट्या व्यापाऱ्याला दिल्या. गरज ओळखून त्याने भाव पाडला आणि बाबांनी तो ऐकून घेतला. त्या पैशात सगळ्यात जास्त भुंकणारे दोघे मिटले. बाकीच्यांचे हप्ते पडले, ते पुढे बरीच वर्षं तिच्या मागे राहणार होते. गाडीत पेट्या चढत असताना बाबांनी शेवटची पेटी हाताने अडवली. ही राहू द्या, म्हणाले. का, ते त्यांनी सांगितलं नाही. पण त्यानंतर ते त्या पेटीला कान लावेनासे झाले. फेरी तिच्या अलीकडच्या पेटीपाशीच संपवत.

तो हंगाम मुलीने घरी काढला. पेट्या दुसऱ्या फुलोऱ्यावर हलवल्या, साखरपाणी केलं, पिंपाचा दांडा फिरवून मध काढला. हातांना घट्टे पडले. पैसे हप्त्यांना गेले. एकदा तिने हॉलमध्ये फोन केला आणि आजीची चौकशी केली. आजी दांड्यांच्या टोकापर्यंत चालली होती, दुसऱ्या कुठल्याशा मुलीचा हात धरून, आणि घरीही गेली होती. तिला आनंद झाला. मग विहिरीवर जाऊन ती एकटीच रडली. ते शेवटचं पाऊल तिला बघायचं होतं.

नवं सत्र सुरू झालं तेव्हा ती परत गेली. आता वर्गात सगळ्या तिच्याहून धाकट्या. संध्याकाळी एका दुकानात उभं राहायचं काम धरलं, आणि या खेपेला ते खरं होतं. शहर तेच होतं, पण आता तिथे तिला घराची ओढ लागली. सकाळी खोलीतला पंखा गुणगुणू लागला की बांध आठवायचा. बाबांचा खांदा आता कोण चोळत असेल, असं वाटायचं.

एकदा ती दांड्यांपाशी एका नव्या पेशंटची वाट बघत उभी होती तेव्हा बाबांचा फोन आला. एरवी ते दुपारचे कधी करत नसत.

"तुझा फोन तुझ्याजवळच आहे ना?" त्यांनी विचारलं.

"बाबा, त्याच फोनवर बोलतेय मी."

"हां. खरंच की." श्वास लागल्यासारखा येत होता. मागून आईचा आवाज आला, "तिला सांगा, पाय पिवळे आहेत. मी बघितलेत."

"थांब," बाबा म्हणाले. "फोन त्या शेवटच्या पेटीला लावतो. ऐक."

तिने दुसऱ्या कानात बोट घातलं आणि दोन दांड्यांच्या मधे, पावलांच्या पट्ट्यांवर उभी राहिली. पेराची टकटक ऐकू आली. आतून एकदम हूं उठलं आणि लगेच थांबलं.

"ऐकलंस?"

तिला त्या घडीला तिथे बांधावर असायला हवं होतं, बाबांच्या शेजारी, कान लाकडाला लावून.

"पुन्हा एकदा वाजवा, बाबा," ती म्हणाली.